‘म्हणे’च्या पलीकडे: अमेरिकेतल्या वसाहतकाळातले पूर्वज कसे शोधावेत



आपल्यापैकी बऱ्याच घरांत आता सून किंवा जावई अमेरिकन आहे. नातवंडं शाळेत जायला लागली की एक दिवस ‘फॅमिली ट्री’ काढून आणायचा गृहपाठ येतो. आईकडची बाजू सोपी असते. गावाकडच्या आजोबांना एक फोन केला की ते पाच पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवतात. फारच अडलं, तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेतच. बाबांकडची बाजू मात्र पणजोबांपाशी थांबते. मग कुणीतरी म्हणतं, “आमचे लोक म्हणे मेफ्लॉवर जहाजातून आले होते.”

आजचा भाग या ‘म्हणे’बद्दल आहे. वसाहतकाळ म्हणजे १६०७ साली जेम्सटाऊन वसलं तिथपासून १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापर्यंतचा काळ. त्या काळातला पूर्वज कागदांवरून कसा शोधायचा, ते आज पाहू.

पहिली गोष्ट. शोध मेफ्लॉवरपासून खाली आणायचा नाही, स्वतःपासून वर न्यायचा. आपण, मग आईवडील, मग आजीआजोबा. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायचा: हा मुलगा याच बापाचा, असं सांगणारा कागद कोणता? मेफ्लॉवरवर १६२० साली १०२ प्रवासी होते आणि त्यांतले जवळपास निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले. वंशज पुष्कळ असले तरी आडनाव जुळलं म्हणजे नातं जुळलं असं नव्हे. आणि हेही लक्षात घ्या की आठ पिढ्या मागे गेलं की प्रत्येकाचे २५६ पूर्वज होतात. सगळे एकदम शोधू नका, एकच धागा धरा.

या वाटेत दोन सालं महत्त्वाची आहेत. १८५० च्या जनगणनेत पहिल्यांदा घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलं गेलं. त्याआधी, १७९० च्या पहिल्या जनगणनेपासून, नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बाकी नुसते आकडे: सोळा वर्षांवरचे गोरे पुरुष किती, सोळाच्या आतले किती, गोऱ्या बायका किती, इतर स्वतंत्र माणसं किती आणि गुलाम किती. म्हणजे १८५० च्या मागे गेलात की जनगणना मुलांची नावं सांगत नाही. तिथून पुढे आधार मृत्युपत्रांचा, जमिनीच्या खतांचा, चर्चच्या नोंदवह्यांचा आणि कोर्टाच्या दप्तरांचा.

दुसरी गोष्ट, गाव नक्की करा. तेरा वसाहतींची दप्तरं तेरा तऱ्हांची. मॅसेच्युसेट्स, कनेक्टिकटकडे गावाचा कारकून जन्म, लग्न, मृत्यू लिहून ठेवायचा. मॅसेच्युसेट्समधल्या अनेक गावांच्या १८५० पर्यंतच्या अशा नोंदी पुढे छापूनही निघाल्या. व्हर्जिनियात ते काम अँग्लिकन चर्चच्या पॅरिशकडे होतं आणि जमीन, कर्ज, वारसा यांचे कागद काउंटी कोर्टात. पेनसिल्व्हेनियातले क्वेकर लोक आपल्या मासिक सभांची टिपणं ठेवायचे: कुणाचं लग्न झालं, कोण दुसऱ्या गावी गेलं, कुणाला पंथाबाहेर काढलं. जर्मन कुटुंब असेल तर १७२७ पासून फिलाडेल्फियाला उतरलेल्या जर्मन पुरुषांच्या शपथेच्या याद्या पाहा. मात्र श्मिटचा स्मिथ, म्यूलरचा मिलर आणि त्सिमरमानचा थेट कारपेंटर झालेला असू शकतो.

न्यूयॉर्ककडचं कुटुंब डच असेल तर आपल्याला जरा घरच्यासारखं वाटेल. १६६४ साली इंग्रजांनी घेण्यापूर्वी ती डच वसाहत होती आणि तिथे बऱ्याच लोकांना कायमचं आडनावच नव्हतं. बापाचं नाव पुढे लावायचे, आपण मधे लावतो तसं. यान पीटरसनचा मुलगा हेंड्रिक, तर तो हेंड्रिक यानसन. बाप-लेकाचं ‘आडनाव’ वेगळं दिसलं म्हणून धागा सोडू नका. शिवाय डच चर्चच्या नोंदींत बाई लग्नानंतरही बहुधा माहेरच्या नावाने येते. इंग्रजी कागदांत हरवणारी आजी इथे सापडते.

काउंटीच्या सीमाही सरकत गेल्या. पालघर जिल्हा २०१४ साली ठाण्यातून वेगळा झाला. १९५० सालचा कागद हवा तर ‘जिल्हा ठाणे’ म्हणूनच शोधावा लागतो. इथेही तसंच. मेन हे राज्य १८२० पर्यंत मॅसेच्युसेट्सचा भाग होतं आणि वेस्ट व्हर्जिनिया १८६३ पर्यंत व्हर्जिनियाचा. तेव्हा ते गाव कुठल्या काउंटीत होतं ते आधी पाहा. काही दप्तरं आता नाहीतच. व्हर्जिनियातल्या कित्येक काउंट्यांनी यादवी युद्धात सुरक्षित राहावेत म्हणून कागद रिचमंडला पाठवले आणि १८६५ च्या आगीत ते तिथेच जळले. अशा वेळी शेजारच्या काउंट्या, करांच्या याद्या आणि जमिनीच्या सरकारी सनदा धुंडाळायच्या.

तिसरी गोष्ट तारखांची. १७५२ पर्यंत इंग्रजांचं नवं वर्ष कायद्याने २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे २४ मार्च १७०० च्या दुसऱ्या दिवशी २५ मार्च १७०१. एखाद्या जोडप्याचं लग्न मे १७०० मध्ये आणि पहिलं मूल फेब्रुवारी १७०० मध्ये दिसलं तर भुवया उंचावू नका. तो फेब्रुवारी लग्नानंतर नऊ महिन्यांनी आलेला आहे! आपल्याला हे नवं नाही. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेचा. शकात ७८ मिळवले तर १६२९ येतात. पण फाल्गुन वर्षाअखेरीचा महिना, म्हणून साल १६३०. हिशेब तोच आहे.

१७५२ साली इंग्रजांनी कॅलेंडर बदललं तेव्हा २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म जुन्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१ चा, नव्या पद्धतीने २२ फेब्रुवारी १७३२ चा. जुन्या कागदात १७३१/३२ असं दुहेरी साल दिसलं तर तसंच उतरवून घ्या. क्वेकर लोक तर महिन्यांची नावंच टाळायचे, आकडे लिहायचे. १७५२ पूर्वी त्यांचा पहिला महिना मार्च, म्हणजे ‘सातवा महिना’ जुलै नव्हे, सप्टेंबर.

चौथी गोष्ट नात्यांच्या शब्दांची. ‘सन-इन-लॉ’ म्हणजे तेव्हा जावई असेल किंवा सावत्र मुलगाही. ‘कझिन’ म्हणजे पुतण्या किंवा भाचाही. आणि ‘सीनियर’, ‘ज्युनियर’ म्हणजे बाप-लेकच असं नाही. एकाच गावात एकाच नावाचे दोघे असले की वयाने मोठा तो सीनियर, मग ते काका-पुतणे असोत की एकमेकांचे कोणीच नसोत. आपल्याकडे थोरले माधवराव आणि सवाई माधवराव काका-पुतणे, थोरले बाजीराव आणि दुसरे बाजीराव आजोबा-नातू. नुसत्या नावावरून कुणी त्यांना बाप-लेक ठरवलं तर आपण हसू. इंटरनेटवरच्या कितीतरी वंशवृक्षांत नेमकं हेच झालेलं असतं.

एकाच नावाचे दोघे वेगळे कसे करायचे? भोवतालच्या माणसांवरून. खतावर साक्षीदार कोण, बांधाला शेत कुणाचं, जामीन कोण राहिलं, हे टिपून ठेवा. एका गावाहून दुसऱ्या गावी लोक सोयरे-शेजाऱ्यांसह जायचे.

मृत्युपत्र सापडलं तर मोठं घबाड. मुलींची सासरची नावं बहुधा तिथेच मिळतात. पण एखादा मुलगा त्यात नाही, म्हणून तो मुलगाच नव्हता असं समजू नका. त्याला त्याचा वाटा आधीच मिळालेला असेल. अक्षर लागायला वेळ लागतो. मोडी वाचायला शिकतो तसंच ते शिकावं लागतं. ‘एस’ हे अक्षर ‘एफ’सारखं दिसतं आणि ‘वायई’ असं दिसलं तर ते बहुतेक वेळा ‘द’ असतं.

पाचवी गोष्ट सावधपणाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुस्ताव आंजू नावाचा माणूस श्रीमंत अमेरिकनांना पैसे घेऊन खोट्या वंशावळी रचून द्यायचा. त्यातल्या नोंदी आजही नकलून फिरताहेत. छापलेलं पुस्तक असो की कुणाचा तयार वंशवृक्ष, त्याला पुरावा समजू नका. पुढे कुठे बघायचं याची ती फक्त खूण. आणि आडनावाची म्हणून विकली जाणारी राजचिन्हं घेऊ नका. इंग्रजी परंपरेत ती माणसाला मिळत, आडनावाला नाही.

आता शेवटची गोष्ट. मृत्युपत्रासोबत बहुतेकदा मयताच्या मालमत्तेची यादी असते. दोन गाई, एक नांगर, पितळी भांडी, अंथरूण. आणि त्याच यादीत, त्याच शाईने, एखादं माणूस. नाव आणि पुढे किंमत. हे फक्त दक्षिणेत घडेल असं समजू नका. १७७६ साली तेराही वसाहतींत गुलामगिरी होती. असा कागद समोर आला की घर गप्प होतं. जावई खजील होतो, आपल्याला काय बोलावं कळत नाही आणि “हे नातवाच्या तक्त्यात नको” असं ठरतं.

माझी विनंती अशी की ते नाव वगळू नका. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या याद्या मालकाच्या नावाखाली आहेत. वय आहे, लिंग आहे, माणसाचं नाव जवळपास कुठेच नाही. गुलामीतून सुटलेल्यांची नावं देशाच्या जनगणनेत पहिल्यांदा आली ती १८७० साली. त्यांच्या वंशजांना त्यामागे जायचं असेल तर रस्ता मालकांच्या घरच्या कागदांतूनच जातो. तुमच्या जावयाच्या पूर्वजाची यादी ही दुसऱ्या कुठल्यातरी घरच्या नातवाची हरवलेली पायरी असू शकते. तिथे नाव, साल, काउंटी, पुस्तक आणि पान नीट उतरवून ठेवणं एवढं तरी आपल्या हातात आहे.

त्या याद्यांत आपल्या बाजूचंही कुणी असू शकतं. व्हर्जिनियात माणूस आणवला की आणवणाऱ्याला पन्नास एकर जमीन मिळायची. १६३५ साली जॉर्ज मेनफी या जमीनदाराने अशी जमीन मिळवण्यासाठी दिलेल्या नावांत एक नाव आहे: टोनी, ईस्ट इंडियन. त्याचं खरं नाव त्या कागदात नाही. त्याच्या असण्याची खूण उरली, ती त्याच्यामुळे दुसऱ्याला जमीन मिळाली म्हणून. म्हणून कागदात नुसतं ‘इंडियन’ दिसलं तर थांबून बघा. तो इथला मूळ रहिवासी असेल, क्वचित समुद्रापलीकडचाही असेल.

तर या शनिवारी एवढंच करा. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाशी बोला आणि ते रेकॉर्ड करा. जुन्या बायबलच्या पहिल्या पानांवर जन्म-मृत्यू लिहिलेत का ते बघा. फॅमिलीसर्चवर विनामूल्य खातं उघडा आणि जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात वंशशोधाच्या कुठल्या सोयी आहेत ते विचारा. प्रत्येक नावापुढे कागद कुठला ते लिहा. कागद नसेल तिथे सरळ ‘म्हणे’ असं लिहा आणि मुलांनाही तेच शिकवा. तक्ता थोडा लहान होईल, पण त्यातलं प्रत्येक नाव खरं असेल.

पुन्हा भेटू, मंडळी. नमस्कार!