उत्पादनखर्चाच्या वर्गवारीची कुळकथा

प्रत्यक्ष साहित्य, प्रत्यक्ष मजुरी आणि वरकड खर्च हे उत्पादनखर्चाचे तीन कप्पे आज परिव्यय लेखाशास्त्राच्या पहिल्याच धड्यात भेटतात. गडहिंग्लज परिसरातल्या गुऱ्हाळात ते उघड्या डोळ्यांनी दिसतात. ऊस हे प्रत्यक्ष साहित्य आणि गुळव्याचा, म्हणजे गूळ रांधणाऱ्याचा, पगार ही प्रत्यक्ष मजुरी. काहिलीची डागडुजी, चरकाची झीज आणि जागेचे भाडे कोणत्याही एका ढेपेच्या नावावर टाकता येत नाही, म्हणून ते वरकड. रस निवळायला घातलेली भेंडी आणि चिमूटभर चुनाही वरकडातच जातो. हे दोन्ही लागतात रसालाच, पण ढेपेगणिक त्यांचा हिशेब ठेवण्याचा खटाटोप त्यांच्या किमतीहून महाग पडतो.

ही विभागणी कारखानदारीबरोबर वाढत गेली. 1772च्या मंदीत इंग्लंडमधला कुंभारकामाचा कारखानदार जोसाया वेजवूड आपल्या मालाचा खर्च तपासायला बसला. माल कमी निघाला तरी भाडे, पगार आणि साचे घडवण्याचा खर्च तेवढाच राहतो, तेव्हा उत्पादन वाढले की नगामागचा बोजा उतरतो, हे त्याच्या ध्यानात आले. स्थिर आणि बदलत्या खर्चाच्या भेदाची ही सुरुवातीची ठळक नोंद आहे.

हा भेद पुस्तकात नीट बांधला गेला तो 1887मध्ये. एमिल गार्के आणि जॉन मॅन्जर फेल्स या जोडीने ‘फॅक्टरी अकाउंट्स’ लिहून कारखान्याच्या वह्या द्विनोंदी हिशेबाला जोडल्या. कचेरीचा स्थिर खर्च मालावर लादू नये, असे त्यांचे मत होते. यंत्रे वाढली तसे वरकड दुर्लक्षून चालेना. 1901पासून अलेक्झांडर हॅमिल्टन चर्च याने लेखांतून दुसरा मार्ग मांडला: प्रत्येक यंत्राला छोटे दुकान समजावे आणि माल त्यावर जितके तास राहील तितके भाडे त्याला लावावे. मजुरीच्या टक्क्यांनी सरसकट वरकड वाटण्यापेक्षा ही रीत कितीतरी न्याय्य होती. 1923मध्ये जे. एम. क्लार्क या अर्थतज्ज्ञाने आणखी पुढचे सांगितले: खर्च कोणत्या प्रश्नासाठी मोजायचा, त्यावर त्याची वर्गवारी ठरते.

विद्यार्थ्यांची गल्लत होते ती इथेच. ‘प्रत्यक्ष-वरकड’ आणि ‘बदलता-स्थिर’ या दोन वेगळ्या चाळण्या आहेत. गुळव्याला आधणामागे, म्हणजे काहिलीतल्या रसाच्या एकेका खेपेमागे, पैसे दिले तर मजुरी प्रत्यक्ष आणि बदलती होते. हंगामभरासाठी ठरवून नेमला तर ती प्रत्यक्षच राहते, पण स्थिर बनते. उलट, इंजिनाचे डिझेल वरकडात मोडते, तरी ते आधणांबरोबर वाढते.

भारतात या विद्येला संस्थात्मक रूप 1944मध्ये कॉस्ट अँड वर्क्स अकाउंटंट्सच्या संस्थेने दिले. 1959च्या कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला आणि 1965मध्ये कंपनी कायद्यात परिव्यय लेखापरीक्षणाची तरतूद आली.

गुऱ्हाळातला हाच हिशेब साखर कारखान्यात मोठा होतो. गडहिंग्लज तालुक्यात हरळीला आप्पासाहेब नलवडे यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे. साखर कारखान्याचा धंदा हंगामी: गाळप काही महिने, पण कायम कामगारांचे पगार, कर्जाचे व्याज आणि यंत्रांची झीज बारा महिने. ऊस कमी आला की हाच स्थिर बोजा कमी पोत्यांवर पडतो, आणि प्रक्रियेत काही बदल नसताना साखर महाग पडते. चिपाड आणि मळी यांचा प्रश्न मात्र वेगळा. ती उपउत्पादने धरली तर त्यांची विक्री साखरेच्या खर्चातून वजा होते. 2018च्या जैवइंधन धोरणाने उसाचा रस आणि बी-हेवी मळी, म्हणजे जास्त साखर राखलेली मळी, यांपासून इथेनॉल करायला वाट मोकळी केली. मळीत साखर मुद्दाम राखायची ठरली, तर मळी निव्वळ उपउत्पादन उरत नाही. उसाचा खर्च साखर आणि इथेनॉल या दोघांत वाटून घ्यावा लागतो.