रेडिओपुढे बसलेली दीडशे गावे

मंडळी, धंदेशिक्षण म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? रंधा, करवत, भाता, लेथ. नाही तर तालुक्याच्या गावची औद्योगिक शाळा. शेतकऱ्याचा धंदा शिकवणारी शाळा काही चटकन आठवत नाही. तो धंदा पोर बापाच्या तिफणीमागे चालत शिकते. ही शाळा वाईट होती असे मी म्हणणार नाही. पण नवे बी आले, नवे खत आले, पिकावर नवी कीड पडली, म्हणजे बापच कोड्यात पडतो. मग पोराला शिकवायचे कोणी?

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत हाच प्रश्न आपल्या देशापुढे उभा होता. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजना ५५ ठिकाणी सुरू झाली. तिला अमेरिकन सरकारची मदत होती आणि ग्रामसेवकांच्या शिक्षणासाठी फोर्ड फाउंडेशनने पैसा दिला. ग्रामसेवक शिकून बाहेर पडले खरे. पण एकेकाच्या वाट्याला अनेक गावे. सायकल मारीत तो एका गावाला पोहोचेपर्यंत दुसऱ्या गावची पेरणी उरकलेली! प्रयोगशाळेतले ज्ञान बांधावर न्यायचे कसे, इथे गाडी अडली होती.

उत्तराचा धागा सापडला तो दूर कॅनडात. तिथे १९४१ पासून रेडिओवर शेतकऱ्यांचा एक कार्यक्रम चाले. हिवाळ्यात शेते बर्फाखाली गेली की दर सोमवारी रात्री शेजारीपाजारी एखाद्याच्या घरी जमत, कार्यक्रम ऐकत, त्यावर आपसांत बोलत आणि काय ठरले ते लिहून कळवत. विषयाची छापील पत्रिका आधीच घरी आलेली असे. त्यांचे ब्रीद चार शब्दांचे होते: वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा. युनेस्कोने या कामाचा अभ्यास करविला आणि तशीच कल्पना दुसऱ्या देशांत रुजेल का याचा शोध सुरू केला.

आणि ती रुजवून पाहायला निवडला गेला आपला मुलूख. पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले होते, त्याला अजून तीन वर्षेही पुरी झाली नव्हती. १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलअखेरपर्यंत, म्हणजे जेमतेम दहा आठवडे, त्या वेळच्या मुंबई राज्यातल्या पुणे, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांतून श्रोत्यांची मंडळे बसवली गेली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. असे वीस कार्यक्रम झाले. शेती, आरोग्य, साक्षरता असे त्यांचे विषय. पैशाचा आधार युनेस्कोचा, मेहनत मात्र इथल्याच माणसांची.

आता इथे एक बारीक गंमत पाहा. कॅनडाचे चार शब्द आपल्याकडे येताना तीन झाले: ऐका, चर्चा करा, कृती करा. 'वाचा' गळाले. गळणारच! तिथला शेतकरी पत्रिका वाचून बैठकीला येई. आपल्याकडे निम्म्याहून अधिक मंडळींना अक्षरओळख नव्हती, आणि घरोघरी रेडिओ कुठला? गावाचा मिळून एक सेट, बहुतेक ठिकाणी बॅटरीवर चालणारा, कारण वीज पोहोचायची होती. बॅटरी उतरली की कार्यक्रम गेला. परदेशी योजना जशीच्या तशी उचलून आणली असती तर पहिल्या आठवड्यातच बसली असती. ती टिकली, कारण वाचनाची जागा एका माणसाने भरून काढली. तो माणूस म्हणजे मंडळाचा निमंत्रक.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे तुमच्याचसाठी सांगतो आहे. पंधरा-वीस माणसे वेळेवर जमवायची, सेट लावायचा, कार्यक्रम संपल्यावर लोकांना बोलते करायचे आणि मग सगळ्याचा वृत्तांत लिहून केंद्राला धाडायचा. गावात हे काम कोणाच्या हातचे? लिहिता हात जिथे असेल तिथलेच. तेव्हा गुरुजींकडे वळल्यावाचून गावाला गत्यंतर नसे.

बैठक कशी चालत असेल ते समजून घ्या. समजा विषय उंदरांचा आहे. रेडिओवरचा तज्ज्ञ म्हणतो, अमुक औषध घाला. कार्यक्रम संपतो. एकजण म्हणतो, औषध मिळायचे कुठे? दुसरा म्हणतो, एकट्या माझ्या शेतात घालून काय उपयोग, शेजाऱ्याचे उंदीर येणारच. तिसऱ्याला जीव घेण्याचेच पाप वाटते. खरे शिक्षण इथे सुरू होते, कारण या तिन्ही शंका तज्ज्ञाच्या मनातही आल्या नसतील. त्या कागदावर उतरून पुण्याला जात आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे येत. आपल्या गावचा प्रश्न पेटीतून परत ऐकू येणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तोवर सरकार बोले आणि गाव ऐके.

युनेस्कोला हिशेब हवा होता. तो मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केला. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारले. मंडळ असलेल्या गावांत विचारले, तसेच मंडळ नसलेल्या गावांतही. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर आणि समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ साली छापला. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती खूपच वाढली होती. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तिथे वाढ नाममात्र! म्हणजे नुसती पेटी ठेवून भागत नाही. मला स्वतःला याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: निरक्षर माणसेही या बैठकांतून भरपूर शिकली. अक्षर येत नाही म्हणून धंद्यातले नवे कळत नाही, ही शहाण्यांची समजूत खोटी ठरली.

पण सगळेच गोड नव्हते. या बैठकांत बायका जवळजवळ नव्हत्याच. शेतातली निंदणी, घरचे बियाणे राखणे, गुरांचे चारापाणी ज्यांच्या हाती, त्याच संध्याकाळी चुलीपाशी. अर्धा धंदा चुलीपाशी आणि शिकवणी चावडीत! ही चूक परदेशी तज्ज्ञांच्या माथी मारता येणार नाही. ती आपल्या घरची.

नोव्हेंबर १९५९ पासून ही योजना देशभर नेली. पुढच्या काही वर्षांत मंडळांची संख्या हजारांवर गेली. पण पुण्याच्या प्रयोगात मंडळांमागे फिरून चौकशी करणारे खास संघटक होते. देशभर तेवढी माणसे कुठून आणणार? मंडळे कागदावर वाढली, पुष्कळशी तिथेच राहिली. गावाने प्रश्न पाठवला आणि उत्तर आले नाही, की दुसऱ्या वेळी कोण लिहितो?

तरी बी वाया गेले नाही. तंजावरकडे शेतकऱ्यांनी एडीटी-२७ या नव्या भाताची माहिती रेडिओवर ऐकली, ते पेरले आणि त्याला नावच 'रेडिओ भात' पाडले. युनेस्कोने १९६४-६५ मध्ये आफ्रिकेतील घानात असाच प्रयोग केला. ज्या कॅनडात हे सुरू झाले तिथला कार्यक्रम मात्र १९६५ सालीच बंद पडला. तिथे आता घरोघरी टेलिव्हिजन आला होता.

या पाच जिल्ह्यांतले कोणी हे वाचत असाल तर एक करा. गावात नव्वदीच्या घरातले कोणी असेल, त्याच्याजवळ घटकाभर बसा आणि विचारा, सार्वजनिक रेडिओ कुठे असे, बॅटरी कोण आणी, आणि पुण्याला पत्र कोण लिही. शाळेच्या जुन्या कपाटात एखादी वही सापडली तर रद्दीत घालू नका. त्यात तुमच्या गावाने विचारलेले प्रश्न असतील.