वास्तुसाहित्याची चोरी (धाराशिव जिल्हा)

ऐतिहासिक वास्तू व प्राचीन वस्तीच्या जागा यांतून दगड, विटा, माती, लाकूड, धातू किंवा शिल्पे बेकायदा काढून नेणे. देवळातील मूर्ती चोरीला गेली की गावभर बोभाटा होतो. तटाचा घडीव चिरा गेला तर तो कोणाच्या घराच्या पायात बसला याची चौकशीही होत नाही. वारशाची हानी मात्र दोन्हींत सारखीच भरून न येणारी असते.

धाराशिव जिल्ह्यात या दृष्टीने सर्वांत नाजूक जागा तेरची. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातील तगर हे नगर ते हेच, असे पुरालेखतज्ज्ञ जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ च्या सुमारास दाखवून दिले. गावाभोवतीची टेकाडे म्हणजे जुन्या वस्तीचे थरावर थर. मराठवाड्यात माळवदावर (घराच्या सपाट छपरावर) पांढरी माती घालण्याची जुनी रीत आहे, आणि ही माती मिळते ती जुन्या पांढरीतून (वस्तीच्या जागेतून) व पडक्या गढ्यांतून. नेणाऱ्याला ती केवळ माती वाटते. पण तिच्याबरोबर मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, नाणी व खापरे थरातून सुटतात. वस्तू हाती राहिली तरी ती कोणत्या थरातली, कशाशेजारची, हे ज्ञान कायमचे जाते. तेरची प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी साम्य दाखवते. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जिद्दीने जमवलेला संग्रह गावातच शासकीय संग्रहालयात राहिला, हे तेरचे भाग्यच. तेरच्याच उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकटही तेथेच जपलेली आहे.

किल्ल्यांत चोरीचा परिणाम सावकाश दिसतो. चिरेबंदी भिंतीच्या दोन्ही अंगांना घडीव दगड व आत चुन्यात बसवलेली भर असते. दर्शनी चिरा निघाला की पावसाचे पाणी भरीत शिरते, पिंपळाची मुळे वाट काढतात आणि भिंत फुगून ढासळते. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यात पाणीमहाल सामावणाऱ्या नळदुर्गासारख्या बांधकामात तर दगड, चुना आणि पाणी यांचा मेळ हीच खरी कारागिरी. धातूची गोष्ट निराळी. जिल्ह्यातील परंडा किल्ल्यातून विजापूरला नेलेली ‘मुलूख-ए-मैदान’ तोफ १८५४ मध्ये अवघ्या १५० रुपयांना लिलावात गेली होती. तो व्यवहार रद्द झाला, म्हणून ती वितळली नाही.

गुप्तधनाच्या लोभाने होणारी खोदाई याच गुन्ह्याची भावंड होय. भुईत सापडलेल्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. केंद्रसंरक्षित स्मारकांना १९५८ चा, तर राज्यसंरक्षितांना महाराष्ट्राचा १९६० चा कायदा लागू होतो. केंद्राच्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने शिक्षा दोन वर्षे कैद व एक लाख रुपये दंडापर्यंत वाढली. पुरावस्तूंच्या व्यापारावर व निर्यातीवर १९७२ च्या कायद्याचे नियंत्रण असून शंभर वर्षांहून जुने शिल्प त्याच्या कक्षेत येते. मात्र शेताच्या बांधावरची वीरगळ किंवा असंरक्षित गढीचा कोरीव खांब यांची मोजमापे व छायाचित्रे आधी घेतलेली नसतील, तर वस्तू हाती लागूनही ती कोणत्या गावची हे सिद्ध करणे कठीण जाते.