शतपावली आणि पाऱ्याचे वीस मिलिमीटर

म्हैसूरच्या कुक्कराहळ्ळी तळ्याकाठी पहाटे फिरणाऱ्यांत ज्येष्ठ मंडळी पुष्कळ दिसतात. त्यांच्या रक्तदाबाची खरी कसोटी मात्र दुपारी लागते, भाताचे ताट संपल्यानंतरच्या तासाभरात. त्या वेळच्या ग्लानीला आपण ‘जेवण अंगावर आले’ म्हणतो. त्याच सुमारास घरातील वृद्ध उठताना कोसळले, तर दोष ओल्या फरशीला दिला जातो.

वैद्यकशास्त्रानेही ही गोष्ट आश्चर्य वाटावे इतक्या उशिरा हेरली. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची रीवा-रोची यांची पद्धत १८९६ची, कोरोत्कॉफ यांनी स्टेथोस्कोपने नाडीचे ध्वनी ऐकले ते १९०५ साली. तरी जेवणानंतर दाब घसरलेल्या रुग्णाचे वर्णन सायर-हान्सेन यांनी प्रसिद्ध केले १९७७ मध्ये; त्या रुग्णाला पार्किन्सन्सचा विकार होता. पुढे १९८३ साली लुईस लिप्सिट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की वृद्धांमध्ये जेवणानंतर तासाभरातच दाब उतरतो, तरुणांत तसे घडत नाही. उपकरण होते, ते ताटापाशी नेण्याचे कोणाला सुचले नव्हते, इतकेच.

कारण सरळ आहे. पचनासाठी आतड्यांकडे जाणारा रक्तप्रवाह साधारण दुप्पट होतो. तरुण शरीर नाडी वाढवून आणि इतर रक्तवाहिन्या आवळून ही तूट भरून काढते. वयानुसार ही प्रतिक्रिया मंदावते. पिष्टमय, भरपेट जेवणाने घसरण अधिक होते. दोन तासांच्या आत वरचा दाब २० मिलिमीटर किंवा अधिक उतरला, तर त्याला विकार मानतात. भौतिकशास्त्राच्या सवयीने मी या आकड्याचे रक्तस्तंभात रूपांतर केले: सुमारे २६ सेंटिमीटर. ताठ बसलेल्या माणसाचे हृदय आणि मेंदू यांतील अंतर जवळपास एवढेच असते!

येथे शतपावली आठवणे स्वाभाविक आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात जेवणानंतर प्रथम स्वस्थ बसावे, जडपणा ओसरल्यावर शंभर पावले चालावे आणि मग डाव्या कुशीवर निजावे, असा क्रम सांगितला आहे. मात्र तेथील विचार अन्नपचनाचा आहे. त्यात रक्तदाबाचे ज्ञान शोधणे म्हणजे ग्रंथावरही अन्याय आणि इतिहासावरही.

चालण्याचा उपयोग मात्र खरा आहे. पोटरीचे स्नायू आकुंचन पावताना पायांतील शिरांमधले रक्त हृदयाकडे ढकलतात. १९९९ साली ओबरमन, लिप्सिट्झ आदींनी दुर्बळ वृद्धांना जेवणानंतर चालवून पाहिले. चालणे सुरू असेपर्यंत दाब सावरला. थांबताच परिणाम ओसरला. माझ्या मते या प्रयोगाचा हा उत्तरार्धच अधिक मोलाचा, आणि तोच सांगायचा राहून जातो. शतपावली संपवून आजोबा उभ्यानेच गप्पा मारत राहिले, तर घेरी येण्याचा धोका तेव्हाच असतो. फेरी संथ असावी, आधाराला कोणी असावे आणि ती खुर्चीपाशी संपावी.

घरी यंत्र असल्यास जेवणापूर्वी आणि नंतर अर्ध्या तासाने, एका तासाने बसून दाब मोजावा. हे आकडे डॉक्टरांना दाखवावेत. रक्तदाबाच्या गोळीची वेळ ठरवताना ते उपयोगी पडतात. गोळी स्वतःहून बंद करू नये.