चिकूचा चीक आणि चिक्लेरो

कच्चा चिकू तोडला की देठातून पांढरा चीक ठिबकतो. आमच्या घोलवडच्या वाडीत तोडणी करणाऱ्या बायांचे हात त्याने चिकचिकीत होतात. पण तो चीक कुणी गोळा करत नाही. १८९८ साली हे झाड घोलवडला लागले ते फळासाठी. त्याच्या मूळ मुलखात, दक्षिण मेक्सिकोत आणि ग्वाटेमालाच्या पेतेन जंगलात, मात्र हजारो माणसांचे पोट या चिकावर चाले.

त्यांना चिक्लेरो म्हणत. १८७०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या थॉमस ॲडम्सने या चिकाचे रबर करून पाहिले. ते जमेना, तेव्हा त्याने त्याचे च्युइंगगम विकायला काढले, आणि जंगलात चिकाला भाव आला. चीक पावसाळ्यात चांगला वाहतो, म्हणून चिक्लेरो ऐन पावसात आत शिरत. कमरेला दोर, पायांत लोखंडी काटे, हातात कोयता. खोडावर नागमोडी खाचा पाडत वर चढायचे. चीक ओघळून बुंध्याशी लावलेल्या पिशवीत जमायचा. मग तो कढईत आटवून त्याचे ठोकळे पाडायचे. कोयता चुकून दोरावर बसला की माणूस खाली. बारीक माश्यांच्या चाव्याने कानाची पाळी झडायची. त्या दुखण्याला चिक्लेरोंचेच नाव पडले. खाचलेल्या झाडाला काही वर्षे विसावा लागतो. पण आधीच उचल घेऊन बसलेल्या माणसाला तेवढी सवड कुठली? कित्येक झाडे त्या घावांनी मेली.

याच झाडाचे लाकूड पाण्यात बुडते, इतके जड. पेतेनमधल्या तिकाल या प्राचीन माया शहरात चौथ्या मंदिराच्या दारांवर कारागिरांनी इसवी सन ७४१च्या सुमारास त्याच्या कोरीव तुळया बसवल्या. त्या दमट रानात त्या अकराशे वर्षे टिकल्या. १८७७मध्ये गुस्ताव्ह बर्नुली या स्विस वैद्याने त्या काढवल्या. आज त्या बाझेलच्या संग्रहालयात आहेत.

चिकूची झाडे हुडकत फिरताना चिक्लेरोंना रानात गाडलेली मायांची शहरे दिसत. सिल्व्हेनस मॉर्ले या पुरातत्त्वज्ञाने अशा खबरीसाठी त्यांना बक्षीस लावले होते, आणि १९१६मध्ये तो अशाच एका शहरी, वाशाक्तुनला, पोहोचला. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम गम आला नि धंदा बसला. शोधांच्या इतिहासात मॉर्लेचे नाव आहे, वाट दाखवणाऱ्यांची बहुतेक नावे नाहीत. माझ्या मते ती शहरे आधी चिक्लेरोंनी शोधली, आणि पाठ्यपुस्तकांतही तसेच लिहिले पाहिजे.