पायमोज्याची नक्षी आणि मंडळाची वही



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा अध्यक्षाबाईंचा आग्रह झाला, तेव्हा मी विषय सांगितला तो पायमोज्यांचा. ऐकून एकदोघी हसल्या. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांवर जाणारा आणि अमरावतीचा त्याच्या पाठोपाठ. इथे पायमोज्यांचे कौतुक कशाला, असे कोणालाही वाटेल. पण बाळंतविडा करायचा म्हटला की झबले, टोपडे, कुंची आणि दुपटे यांच्या जोडीला विणलेले दोन इवलेसे मोजे आपल्याकडेही लागतातच. त्यांच्यावर फुलांची नाहीतर चौकड्यांची एखादी ओळ असते. ती ओळ जगात कुठून कुठून फिरून आली आणि आता ती कोण सांभाळणार, एवढेच मला सांगायचे आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. उणेअधिक असेल ते सांभाळून घ्यावे.

‘मोजा’ हा शब्द आपण फारसीतून घेतला. तिकडे त्याचा अर्थ पायातला बूट. वस्तू मात्र फार जुनी. इजिप्त देशात ऑक्सिरिंकस या ठिकाणी लाल लोकरीचे मोजे सापडले. ते सुमारे दीड हजार वर्षांहून जुने असून आता लंडनच्या संग्रहालयात आहेत. त्यांचा अंगठा वेगळा विणलेला आहे, कारण ते चपलेत घालायचे होते. हिवाळ्यात आपण बाजारातून अंगठ्याचे मोजे आणतो, तीच ही युक्ती! हे जुने मोजे मात्र एकाच सुईने, गाठीगाठींनी केलेले आहेत. आपण दोन किंवा चार सुयांवर टाके घेतो, ते विणकाम नंतरचे.

अशा खऱ्या विणकामाचे फार जुने नमुनेही इजिप्तचेच आहेत. ते अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यानचे मानतात. ते लोकरीचे नाहीत, कापसाचे आहेत! पांढऱ्या सुतावर निळीच्या रंगाची नक्षी, आणि काहींवर तर अरबी अक्षरे विणलेली. त्याच काळात गुजरातचे छापील सुती कापड समुद्रमार्गे इजिप्तला जात असे. कैरोजवळ फुस्तात येथे त्याचे तुकडे मिळाले आहेत. तेवढ्यावरून ते मोजेही आपल्या देशाचे, असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण नक्षीच्या मोज्याचा जन्म थंडीशी आणि लोकरीशीच बांधलेला आहे, ही समजूत मात्र सोडून द्यावी लागते. कापसाच्या मुलखातल्या बायकांना त्यावर हक्क सांगायला काहीच हरकत नाही.

आणि आपला मुलूख तर कापसाचाच. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८६७ पर्यंत मुंबईची रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली. १८७० साली खामगावला फाटा निघाला, त्याच्या समारंभाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. गाठी भरभरून कापूस बाहेर गेला. तो वेचणाऱ्या बायकांची नावे मात्र कोणत्याच कागदावर चढली नाहीत. विणणारणींचेही तेच झाले.

आता नक्षीकडे वळू. मोजा चार सुयांवर गोल विणतात. तीन सुयांवर टाके आणि चौथीने विणायचे. वर दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी. मग पोटरी, मग टाच, मग पाऊल, आणि शेवटी बोटांशी टाके घटवत नेऊन मिटवणे. गोल विणताना नक्षी जिथे संपते तिथेच ती सुरू होते. म्हणून एका फुलाच्या टाक्यांनी एकूण टाक्यांना पूर्ण भाग गेला पाहिजे. ६० टाक्यांवर ४, ५, ६, १० किंवा १२ टाक्यांचे फूल बसते. ७ किंवा ८ चे घेतले तर शेवटचे फूल अर्धे राहते. दोन रंग असले की न लागणारा धागा मागून न्यावा लागतो. तो ५ टाक्यांहून लांब सोडला तर घालताना त्यात बोटे अडकतात. फार ओढला तर मोजा आवळतो, पाय आत जात नाही. सुताला लोकरीसारखा ताण नसतो, म्हणून सुती मोज्याची पट्टी जरा घट्ट विणावी, नाहीतर तो घोट्यावर येऊन बसतो.

हे सारे गणित ठिपक्यांची रांगोळी काढणारीला नवीन नाही. किती ठिपके, किती ओळी, हे ठरल्याशिवाय आपणही बोटात रांगोळी धरत नाही. माझी आजी शाळेत गेली नव्हती, पण विणताना म्हणायची, “मोजनी चुकली का नक्षी रुसते वं बाई!”

हे ज्ञान कागदावर फार उशिरा उतरले. मोजे विणण्याची छापील कृती इंग्लंडात १६५५ सालच्या एका घरगुती औषधांच्या पुस्तकात आली. त्याच्या आधीच, १५८९ मध्ये, विल्यम ली नावाच्या पाद्र्याने मोजे विणण्याचे यंत्र केले होते. हाताने विणून पोट भरणाऱ्या गरिबांचा घास जाईल, म्हणून एलिझाबेथ राणीने त्याला सनद नाकारली, असे सांगतात. म्हणजे यंत्र आधी झाले आणि बायकांच्या हाताची कृती छापायला त्यानंतर ६६ वर्षे लागली.

आपल्या देशातले उदाहरण हिमाचलातल्या लाहौलचे घ्यावे. केलाँग येथे १८५६ साली जर्मनीकडचे मोरावियन मिशनरी आले. त्यांच्यातल्या मारिया हायडे यांनी तिथल्या बायकांना विणकाम शिकवले. शिकवणारी परकी होती, पण लाहौलच्या बायकांनी त्यात आपले रंग आणि आपली नक्षी घातली. आज ते मोजे त्यांचेच म्हणून ओळखले जातात. २०२१ मध्ये लाहौलच्या मोज्यांना आणि हातमोज्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. नागपूरच्या संत्र्याला जो मान आहे, तोच त्यांच्या नक्षीला मिळाला.

लढाईच्या दिवसांत मात्र नक्षी बाजूला ठेवावी लागते. १९१४ च्या हिवाळ्यात हिंदी पलटणी फ्रान्सच्या चिखलात उभ्या होत्या. आपल्या खडकीचे सॅपर्सही त्यांत होते. पाय ओले राहून सडत, म्हणून कोरडा मोजा औषधासारखा लागे. बोटांशी शिवण राहिली तर ती चालताना टोचते. तिथले टाके शिवण न दिसू देता जोडण्याच्या पद्धतीला आजही लॉर्ड किचनरचे नाव आहे. हेच किचनर १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचे सरसेनापती होते. पुढे ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले. आपले जवान अपुऱ्या कपड्यांनिशी बर्फात लढत होते, आणि देशभर घराघरांतून, महिला मंडळांतून स्वेटर आणि मोजे विणले जाऊ लागले. माझी आजी त्याच पिढीतली.

हात तयार होते म्हणून तेव्हा ते कामी आले. ते तयार करण्याचे श्रेय १९०९ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी चालवलेल्या हस्तव्यवसायाच्या वर्गांना आहे. १९५३ साली दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ निघाले आणि गावोगावच्या स्त्रीसंस्थांना हातभार लागला. आज यंत्राचे मोजे स्वस्त मिळतात. ते जरूर घ्यावेत. रोजच्या मोज्यांसाठी कोणी डोळे शिणवावेत, असे माझे म्हणणे नाही.

माझे म्हणणे एवढेच, की मोजा वापरून झिजतो, विणणारी जाते, आणि नमुना लिहिलेला नसेल तर तोही जातो. आजीने विणलेला माझा लहानपणीचा एक मोजा आमच्या ट्रंकेत आहे. मागच्या दिवाळीत भिंग घेऊन मी त्याचे टाके मोजले: एकूण ३६. फूल ६ टाक्यांचे, म्हणून सभोवती सहा फुले. त्यावरून आजीचा नमुना पुन्हा उभा राहिला.

तरी मंडळाने एक चौकटीच्या कागदाची वही ठेवावी, अशी माझी सूचना आहे. जिच्या घरी जुना मोजा, टोपी किंवा स्वेटर असेल तिने टाके मोजून नक्षी उतरवावी, आणि खाली विणणारीचे नाव आणि गाव लिहावे. पहिला नमुना मी देते. पांढऱ्यावर निळा रंग, ६ टाक्यांचे फूल. पहिल्या ओळीत मधला १ टाका निळा, दुसरीत ३, तिसरीत ५, चौथीत ३, पाचवीत १, आणि सहावी ओळ सगळी पांढरी. सुया १० नंबरच्या, नक्षी घोट्याच्या वर. खालच्या नावाची जागा मी आजीच्या नावाने भरली आहे. पुढची पाने तुमची.