खळीचा दाटपणा आणि महारेणूचे वजन

भिवंडीतील नारपोली हा भाग यंत्रमागांचा. मागावर चढविण्यापूर्वी ताण्याच्या सुतास खळ द्यावी लागते. ती नीट बसली नाही तर फणीच्या घासण्याने सूत तुटते आणि माग थांबतो. खळीत आता कृत्रिम द्रव्येही मिसळली जातात. तथापि तिचा जुना आधार म्हणजे पिष्ट. ही खळ फार वेळ उकळली, किंवा तिच्यात आम्लाचा अंश गेला, तर ती पातळ होते. पिष्ट तेवढेच, पाणीही तेवढेच. मग उणे काय झाले? याचे एक कारण पिष्टाचे कण फुटणे हे होय. दुसरे कारण अधिक मूलगामी आहे: पिष्टाचा रेणूच तुटून लहान होतो. परंतु हे विधान करण्यापूर्वी रेणू मुळात मोठा होता हे सिद्ध व्हावयास हवे, आणि ते सिद्ध होण्यास रसायनशास्त्राला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. त्या प्रयत्नाचा धागा दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१८६१ मध्ये ग्रॅहॅम यांनी पिष्ट, डिंक, सरस इत्यादी पदार्थांना ‘कलिल’ असे नाव दिले. हे पदार्थ पाण्यात अतिशय मंद गतीने पसरतात व चर्मपत्रासारख्या पडद्यातून पलीकडे जात नाहीत. पुढे विद्रावाचा गोठणबिंदू किती उतरतो यावरून रेणुभार काढण्याची राऊल यांची रीत उपलब्ध झाली. तिचा उपयोग करून ब्राऊन आणि मॉरिस यांनी १८८९ च्या सुमारास पिष्टाच्या विघटनाने मिळालेल्या एका पदार्थाचा रेणुभार सुमारे ३०,००० असल्याचे सांगितले. हा आकडा सहजासहजी कोणास पटला नाही, आणि अविश्वासास कारणही होते. एवढ्या रेणुभाराच्या पदार्थाच्या एक टक्का विद्रावाचा गोठणबिंदू अवघा ०.०००६ अंशाने उतरतो. क्षाराचा किंचित अंश राहिला तरी सारे गणित कोसळावे! याउलट त्याच विद्रावाचा तर्षण दाब पाण्याच्या सुमारे साडेआठ सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका भरतो. तो साध्या डोळ्यांनी दिसतो. महारेणूंच्या अभ्यासात तर्षण दाबाला जे महत्त्व आले त्याचे रहस्य या दोन आकड्यांत आहे.

तरीही मोजलेले वजन एका रेणूचे की अनेक लहान रेणूंच्या पुंजक्याचे, हा प्रश्न उरलाच. १९२० मध्ये स्टाउडिंगर यांनी नेहमीच्या रासायनिक बंधांनी जोडलेल्या दीर्घ साखळ्यांची कल्पना मांडली, तेव्हा बहुसंख्य रसायनज्ञ पुंजक्यांच्याच पक्षाचे होते. या वादाला वळण मिळाले ते रक्तातील हीमोग्लोबिनामुळे. त्यातील लोहाचे प्रमाण सुमारे ०.३३५ टक्के, म्हणून एका लोह-अणूमागे १६,७०० हे किमान वजन येते. १९२५ मध्ये ॲडेअर यांनी तर्षण दाबावरून सुमारे ६७,००० हा रेणुभार काढला. त्याच सुमारास स्वेडबर्ग यांनी अतिकेंद्रोत्सारकाच्या साहाय्याने, म्हणजे सर्वस्वी भिन्न तत्त्वाने, जवळजवळ तोच आकडा मिळविला. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. दोन स्वतंत्र रीती जुळल्या म्हणून रेणूच्या अस्तित्वावर विश्वास बसला. आणि तिसरी रीत चौपटीने जुळली नाही म्हणून रेणूत चार लोह-अणू असल्याचे कळले.

पिष्टाच्या बाबतीत ही विसंगती कितीतरी पटीने मोठी निघाली. हॅवर्थ व त्यांचे सहकारी यांनी साखळीची टोके रासायनिक रीतीने मोजली. पिष्टात दर २४ ते ३० ग्लुकोज-एककांमागे एक टोक मिळाले. साखळी सरळ मानली तर रेणुभार चार-पाच हजारच ठरतो. तर्षण दाब मात्र काही लाखांचा आकडा सांगत होता. दोहोंपैकी एक मोजणी चुकली असावी, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. वस्तुतः दोन्ही बरोबर होत्या. चूक होती ती ‘साखळी सरळ आहे’ या न बोललेल्या गृहीतकात. १९४० मध्ये मायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिष्टाचे दोन घटक वेगळे केले: बहुतांशी सरळ साखळीचा ॲमिलोज आणि झाडासारख्या शाखा असलेला ॲमिलोपेक्टिन. एका वृक्षाला शेंड्यांची टोके शेकडो असतात. टोके मोजून वृक्षांची संख्या ठरवू गेल्यास वृक्ष खुजे भासणारच.

प्रकाशाच्या विकिरणावरून रेणुभार काढण्याची रीत डेबाय यांनी १९४४ मध्ये प्रस्थापित केली. कलिल विद्रावातील विकिरण आणि तर्षण दाब यांचा संबंध रामन यांनी १९२७ मध्येच मांडला होता, हे भारतीय वाचकाने विसरू नये. या रीतीने ॲमिलोपेक्टिनचा रेणुभार कोट्यवधींत जातो. तर्षण दाबाने मिळणारी सरासरी रेणूंच्या संख्येवर, तर विकिरणाने मिळणारी त्यांच्या वजनावर आधारलेली असते. लहानमोठे रेणू एकत्र असता हे दोन आकडे भिन्न येणे अपरिहार्य आहे, आणि त्यांतील अंतर हेच मिश्रणाच्या विविधतेचे माप होय.

नारपोलीच्या मागावरील सुताचा कापूसही महारेणूंचाच. त्याचे सेल्युलोज तांबे-अमोनियाच्या द्रवात विरघळवून दाटपणा मोजला की विरंजनात साखळ्या किती तुटल्या ते समजते. ही परीक्षा १९२० नंतरच्या दशकात मँचेस्टर येथे रूढ झाली. कापसाच्या तंतूच्या परीक्षणासाठी मुंबईत माटुंग्यास १९२४ मध्ये प्रयोगशाळा निघाली, ती याच काळात. मात्र दाटपणाची रीत परावलंबी आहे: तिला दुसऱ्या रीतीने ठरविलेल्या रेणुभारांचा आधार लागतो, आणि सरळ साखळीचे कोष्टक शाखायुक्त रेणूस लावल्यास उत्तर उणे येते.

फेन आणि तानाका यांना २००२ मध्ये ज्या कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामुळे प्रथिनाचे वजन आता वस्तुमान-वर्णपटाने अत्यंत अचूक मिळते. पिष्टाला मात्र आजही एकच एक रेणुभार नाही. म्हणून आकडा हाती आला की तो किती आहे, याच्या आधी तो कशाची मोजणी आहे, हे विचारावे.